माशीने मासा : कमी पैशात एकच काठी

आधीच सांगून टाकते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ बरोबर असतील तर श्रेय संपादक मंडळाचं आणि चुकले असतील तर दोष माझा. दुसरं म्हणजे हा लेख मासे धरायच्या काठीवर आहे. ज्यांना आत्तापासूनच वास यायला लागला असेल त्यांनी पुढच्या पानावरची कविता वाचावी, मी रागावणार नाही!

राहिलेल्यांसाठी एक साधा प्रश्न. खिशात मोजके पैसे आहेत, काठी एकच घेता येणार आहे, आणि ती सगळीकडे चालली पाहिजे. कोणती घ्याल? मला वाटलं होतं हा दहा मिनिटांचा प्रश्न आहे. तो सोडवायला मला चार महिने, २३०० रुपयांचं नुकसान आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचं पुस्तक लागलं. (तेच पुस्तक, जे परीक्षेच्या आदल्या रात्री उघडल्यावर माझ्याशी एक शब्द बोललं नव्हतं.)

आबांची काठी

माझे आजोबा, म्हणजे आबा, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा तालुक्यात राहतात. सिद्धेश्वर धरणाचा फुगवटा त्यांच्या शेतापासून लांब नाही. पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणं आहेत. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी गेले की आबा मला पहाटे उठवून पाण्यावर न्यायचे. काठी वेळूची, चौदा फुटांची. तरंगा म्हणून ज्वारीच्या धांड्याचा तुकडा. गळाला कणकेची गोळी किंवा गांडूळ. आजी म्हणायची, "पोरीच्या जातीला काय शिकवायलाव हे!" आणि संध्याकाळी तीच मसाला वाटायला बसायची.

दीड वर्षापूर्वी आबा ओट्यावरून पडले आणि उजवा खांदा दुखावला. हाड जुळलं, पण हात पूर्वीसारखा उचलत नाही. वेळूची काठी पडवीत उभी राहिली ती राहिलीच. आबा बोलून दाखवत नाहीत, पण पहाटे उठून नुसतं ओट्यावर बसलेला माणूस काय विचार करतो ते कळतं की.

एकदा मी मोबाईलवर फ्लाय फिशिंगचा व्हिडिओ बघत होते. आबांनी मागून डोकावलं आणि म्हणाले, "ह्यो तर दोरीच फेकायलाय की! काठी तर काडीवानी दिसायली." त्यांनी एका वाक्यात सगळं शास्त्र सांगितलं होतं, फक्त मला ते तेव्हा समजलं नाही. मी एवढंच ठरवलं की अशी हलकी काठी आबांसाठी घ्यायची. प्रोजेक्ट स्पर्धेच्या बक्षिसातला माझा वाटा आणि दिवाळीच्या सुट्टीतल्या शिकवण्या मिळून ६५०० रुपये जमले होते.

फ्लाय म्हणजे काय रे भाऊ?

आपल्या नेहमीच्या गळात जड काय असतं? शिसं, आमिष, तरंगा. आपण ते वजन फेकतो आणि बारीक दोरी त्याच्या मागे ओढली जाते. दगडाला सुतळी बांधून फेकावी तसं.

फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणजे कृत्रिम माशी. गळाच्या आकड्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला किडा. त्याचं वजन जवळजवळ शून्य. पीस फेकून बघा, दोन फुटांवर पडेल. मग वजन आणायचं कुठून? तर दोरीतच. फ्लायची दोरी जाड आणि प्लॅस्टिकचा लेप दिलेली असते. आपण फेकतो ती दोरी, आणि माशी बिचारी तिच्या शेपटीला धरून जाते. दोरीच्या टोकाला नायलॉनची निमुळती होत जाणारी बारीक दोरी बांधलेली असते, म्हणजे माशाला जाड दोरी दिसत नाही.

दोरी मागे जाते, काठी वाकते, म्हणजे स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते. मग काठी पुढे आणून एकदम थांबवायची. काठी सरळ होताना ती ऊर्जा दोरीला देते आणि दोरीचा वळसा उलगडत पुढे जातो. हे जोराचं काम नाही, थांबण्याचं काम आहे. नवशिके (म्हणजे मी) चाबूक मारल्यासारखी काठी मारतात आणि माशी स्वतःच्याच ओढणीत अडकवून घेतात.

यातून पहिला नियम निघतो. काठी ही दोरीसाठी असते. किती वजनाची दोरी फेकायची आहे ते आधी ठरवायचं, काठी नंतर.

आकड्यांची भानगड

फ्लायच्या प्रत्येक काठीवर दांड्याच्या वर एक आकडा असतो. ५, ६, ७, ८ वगैरे. हा दोरीचा नंबर. अमेरिकेतल्या मासेमारी साहित्य बनवणाऱ्यांच्या संघटनेने १९६० च्या सुमारास ही पद्धत ठरवली. दोरीच्या पुढच्या तीस फुटांचं वजन ग्रेनमध्ये मोजायचं आणि त्यावरून नंबर द्यायचा. ५ नंबर म्हणजे १४० ग्रेन, ६ म्हणजे १६०, ७ म्हणजे १८५ आणि ८ म्हणजे २१० ग्रेन.

आता ग्रेन म्हणजे किती ते आपल्याला कुठे माहीत! पण आपल्या सोनाराला माहीत आहे. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. (हल्ली सराफ्यात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात, तो वेगळा.) म्हणजे ७ नंबरच्या दोरीचे पुढचे तीस फूट साधारण एक तोळ्याचे आणि ५ नंबरचे पाऊण तोळ्याचे. हे आबांना सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजी तोळाभर सोनं पान्यात फेकायचं!" त्यांच्या लगेच लक्षात आलं. मला मात्र तक्ता पाठ करावा लागला होता.

४० टनांचा फटका

आता माझी फजिती. इंग्रजी पुस्तकं, व्हिडिओ, सगळीकडे एकच सल्ला मिळतो. एकच काठी घ्यायची असेल तर नऊ फुटी, ५ नंबर. मी तो सल्ला डोळे मिटून घेतला. एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेले. दुकानदाराने एक चकचकीत काळी काठी पुढे केली. तिच्यावर लिहिलं होतं '४० टन कार्बन'. ते म्हणाले, "मॅडम, चाळीस टन! मगर पण निघेल." काठी, रीळ आणि दोरी असा सेट २३०० रुपयांना घेतला.

पहिल्या दिवशी फुगवट्यावर वारा होता. पाऊण तोळ्याची दोरी वाऱ्यात परत माझ्याच तोंडावर यायची. दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि एक चिलापी लागली. अर्धा किलोचीसुद्धा नसेल. मी आनंदाने काठी डोक्यामागे नेत तिला वर उचललं आणि खट्ट! काठीचं टोक तुटलं. मगर लांब राहिली, चिलापीसुद्धा निघाली नाही. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी हाताने दोरी ओढून चिलापी काढली आणि म्हणाले, "चल, घरी जाऊ."

परतीच्या एसटीत मी गुगलवर नाही, तर स्वतःवर चिडले होते. तिसऱ्या वर्षाला मेकॅनिकल शिकणारी मुलगी आणि 'टन' शब्द वाचून फसली! कारण ४० टन म्हणजे काठी उचलू शकेल ते वजन नव्हेच. जपानी पद्धतीने कार्बनच्या धाग्याचा स्थितिस्थापकता गुणांक, आपल्या भाषेत यंग्ज मॉड्युलस, टन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये लिहितात. २४ टन म्हणजे सुमारे २३५ गिगापास्कल, ३० टन म्हणजे २९४ आणि ४० टन म्हणजे ३९२. हा आकडा ताठरपणा सांगतो, ताकद सांगत नाही. उलट जास्त मॉड्युलसचा धागा सहसा तुटण्याआधी कमी ताणला जातो. म्हणजे ताठर, हलका, पण ठिसूळ. आणि काठीत असा धागा नेमका किती आहे, हे लेबल सांगतच नाही.

तुटण्याचं दुसरं कारण माझा हात. काठी साधारण तिरपी धरली तर वाक तिच्या पूर्ण लांबीवर पसरतो आणि जाड बुंधा भार घेतो. काठी सरळ उभी करून मागे नेली की दोरी टोकाशी उलटी दुमडते आणि सगळा वाक शेवटच्या बारीक दीड-दोन फुटांत येतो. पोकळ नळीचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. बुंध्याशी बोटाएवढी जाड काठी टोकाला काडीएवढी. तिथे तिने किती सोसावं?

वेळू, काच आणि कार्बन

मग मी शांतपणे पुस्तक उघडलं. एका टोकाला घट्ट धरलेली काठी म्हणजे आपला लाडका कॅन्टिलिव्हर बीम. टोकाला भार दिला की ती किती वाकेल ते लांबीच्या घनावर अवलंबून. तीच जाडी, तेच मटेरियल ठेवून आठ फुटांची नऊ फूट केली तर सुमारे ४२ टक्के जास्त वाकते. म्हणून लांब काठीला चांगलं मटेरियल लागतं.

वेळू धाग्याच्या दिशेने साधारण १५ गिगापास्कल भरतो, काचेच्या धाग्याचं कॉम्पोझिट सुमारे ४० आणि साध्या कार्बनचं सुमारे १३०. वेळू हरला? थांबा. घनता बघा. वेळू ०.७, काचेचं कॉम्पोझिट जवळपास २, कार्बनचं १.६. ताठरपणाला घनतेने भागलं तर वेळू आणि काच जवळजवळ सारखेच येतात! कार्बन मात्र दोघांच्या सुमारे चौपट. म्हणजे निसर्गाने कुठल्याही फॅक्टरीशिवाय फायबरग्लासच्या तोडीचं मटेरियल आपल्या बांधावर उगवलंय. पूर्वी फ्लायच्या उत्तम काठ्या वेळूच्याच असायच्या. चीनमधल्या टोंकिन बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून षटकोनी काठी करत. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आलं आणि १९७० च्या दशकात कार्बन.

मग आबांना वेळू का झेपत नाही? कारण चौदा फूट. घरच्या काट्यावर ती काठी ७८० ग्रॅम भरली. तिचा गुरुत्वमध्य मुठीपासून दीड मीटर पुढे. म्हणजे नुसती आडवी धरली तरी मनगटावर सुमारे १.१७ किलो-मीटरचा मोमेंट, तोही मासा नसताना. नऊ फुटी फ्लायची काठी ११५ ग्रॅमच्या आसपास, गुरुत्वमध्य ८० सेंटिमीटरवर. मोमेंट ०.०९. बारा पटींपेक्षा जास्त फरक! शिवाय रीळ मुठीच्या मागे असल्यामुळे तोल आणखी सांभाळला जातो.

मासा लागल्यावर काय होतं तेही बघा. टोकाशी काटकोनात एक किलोचा ओढ असेल तर २.७ मीटर लांबीमुळे हातावर २.७ किलो-मीटर येतात. म्हणजे तरफेचा फायदा माशाला, आपल्याला नाही. काठी वाकली की दोरीच्या ओढीचं हातापासूनचं अंतर कमी होतं, समजा निम्मं झालं, तर हातावरचा भारही निम्मा. दुखऱ्या खांद्याच्या माणसाला ताठ काठी नकोच. त्याला वाकणारी काठी पाहिजे. हेच मी ४० टन घेताना नेमकं उलटं केलं होतं.

मग आपल्याकडे कोणता नंबर?

'नऊ फुटी, ५ नंबर' हा सल्ला चुकीचा नाही. तो दुसऱ्या नदीसाठी दिलेला आहे, एवढंच. तो ट्राउटसाठी आहे. ट्राउट थंड, वाहत्या पाण्यातला मासा. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास तो काश्मीरमध्ये आणून सोडला आणि आज हिमाचलच्या नद्यांतही तो आहे. तिथे लहान माशी, हलकी दोरी, मध्यम मासा, म्हणून ५ नंबर शोभतो.

आपल्याकडे काय आहे? कयाधू, जी उन्हाळ्यात डोहाडोहांत तुटते. पैनगंगेवरचं इसापूर आणि पूर्णेवरचं सिद्धेश्वर, जिथे मोकळ्या पाण्यावर दुपारी वारा सुटतो. आणि मासे?

चिलापी : १९५२ साली भारतात आणलेला आफ्रिकी मासा, आता जवळपास सगळीकडे. लहान माशीला येतो. ५ ते ७, काहीही चालेल.

मरळ : गवताळ, उथळ पाण्यातला शिकारी. हवा घ्यायला वर येतो. बेडकासारखी दिसणारी मोठी, फुगीर माशी लागते. ती हवेत अडते, म्हणून ओढून न्यायला जड दोरी पाहिजे. वर त्याला गवतातून बाहेर ओढायचं असतं. ७ किंवा ८.

रोहू, मृगळ : यांना कृत्रिम माशीत फारसा रस नसतो. इथे कणकेची गोळीच खरी.

महसीर : आपल्या गावच्या तळ्यात मिळेल असं नाही. पण महाराष्ट्राच्या नद्यांचा तो मानाचा मासा. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरने १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवली आहेत. त्यासाठी ८ किंवा वर.

आता बेरीज करा. ५ वाऱ्यात हरतो, ८ आबांच्या खांद्याला जास्त आणि चिलापीला अगदीच दांडगा. मधला आकडा उरतो. नऊ फुटी, ७ नंबर, मध्यम वाकणारी. एक तोळ्याची दोरी. माझ्या मते मराठवाड्याच्या तलावांसाठी, एकच काठी घ्यायची असेल तर, हेच उत्तर. कोणी फक्त ओढ्यातल्या चिलापीसाठी घेणार असेल तर ६ घ्यावा, मी भांडणार नाही.

विकत घेताना काय बघायचं?

दुसरी काठी मी पुण्यातल्या एका हौशी गृहस्थांकडून जुनी घेतली. त्यांच्याकडे दोन होत्या, दोन्हींवर ७ लिहिलेलं. कोणती जास्त वाकणारी? इथे एक मजेशीर चाचणी करता येते. परदेशात हौशी लोक ती त्यांची एक सेंटची नाणी वापरून करतात, आम्ही एक रुपयाची वापरली. काठीची मूठ टेबलावर आडवी घट्ट धरायची. टोकाला छोटी पिशवी अडकवायची. टोक काठीच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत पिशवीत नाणी टाकत राहायचं. २०११ पासूनच्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं आहे. एका काठीला ४६ नाणी लागली, दुसरीला ३६. लेबल एकच, फरक दहा रुपयांचा! मी ३६ वाली घेतली. ती काच आणि कार्बन यांच्या मिश्रणाची आहे. दिसायला साधी, रंग उडालेली.

बाकी बघायच्या गोष्टी :

१) तुकडे : नऊ फुटी काठी चार तुकड्यांची असेल तर प्रत्येक तुकडा सुमारे ७० सेंटिमीटर. एसटीत मांडीवर बसते. दोन तुकड्यांची घेतली तर कंडक्टर लगेजचं तिकीट मागेल की नाही एवढाच प्रश्न. जोड घट्ट बसतात का, कट्‌कट आवाज येतो का, ते बघा.

२) कड्या : दोरी ज्या कड्यांतून जाते त्या काठीच्या फुटांइतक्या तरी असाव्यात, टोकाची वेगळी. नऊ फुटी असेल तर नऊ. कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर तिथे तडा आहे, तो दोरी कापणार.

३) सरळपणा : बंदुकीच्या नळीतून बघतात तसं बुंध्याकडून टोकाकडे बघा. कड्या एका रेषेत पाहिजेत.

४) नळीवर नख फिरवा. खरचटलेली जागा म्हणजे उद्याची तडकण्याची जागा. जुनी घेताना हे आधी.

५) मूठ : बुचाची किंवा फोमची, आपल्या हातात भरेल अशी. घेणाऱ्याच्या नव्हे, वापरणाऱ्याच्या हातात. मी आबांच्या मुठीचं माप दोऱ्याने घेऊन गेले होते.

पैशाची वाटणी

नवखा माणूस रिळावर भाळतो, कारण ते चमकतं आणि फिरवलं की छान आवाज येतो. पण आपल्या माशांसाठी फ्लायचं रीळ म्हणजे दोरी ठेवायची डबी. मासा लागला की दोरी डाव्या हाताने ओढून घेता येते. म्हणून रिळावर सगळ्यात कमी खर्च करा. दोरीवर मात्र कंजूषी नको. तरंगणारी, पुढच्या भागात वजन असलेली दोरी घ्या. स्वस्तातली कडक दोरी वेटोळीच सोडत नाही आणि दोष काठीला लागतो.

माझा हिशेब असा. उरलेल्या ४२०० मधून काठी २४००, दोरी १३००, नायलॉन, आकडे आणि दोरा मिळून ३००. रीळ आधीच्या फसलेल्या सेटमधलं वापरलं. एकूण ४०००. दोनशे रुपये उरले, ते एसटीला. माशा मी घरीच बांधते. कोंबडीची पिसं आजीच्या कृपेने फुकट. (हॉस्टेलच्या रूमवर पिसं पडलेली बघून रेक्टर मॅडमना भलताच संशय आला होता, तो किस्सा पुन्हा कधीतरी.)

नामवंत परदेशी कंपन्यांच्या काठ्या हजार डॉलरच्या आसपास जातात. त्या चांगल्या असतीलच. पण पहिल्या वर्षात आपल्या हाताच्या चुका एवढ्या असतात की हजार डॉलरची काठी त्या झाकू शकत नाही.

चार गोष्टी जपा

कार्बन वीज वाहून नेतो. शेतावरून, कालव्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली कार्बनची काठी उभी धरू नका. ढग गडगडायला लागले की काठी खाली ठेवा, सेल्फी नंतर.

धरणांच्या तलावांत मासेमारीचे ठेके बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. भोई समाजाच्या कितीतरी घरांची चूल त्यावर चालते. आपण हौसेने जातो, ते पोटासाठी. आधी त्यांना विचारा. विचारलं तर ते नुसती परवानगीच नाही, मासा कुठे आहे तेही सांगतात.

पहिल्या पावसात प्रवाहावर चढणारे मासे अंड्यांवर असतात. त्या दिवसांत काठी घरीच बरी.

आणि पाण्यात उतरू नका. काठावरून खेळा. फुगवट्याचा गाळ दिसतो घट्ट, पण गुडघाभर गिळतो. कालव्याचं पाणी तर विचारूच नका.

शेवटी

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो. पाठीमागे बाभळी होत्या, दोरी मागे फेकायला जागा नव्हती. अशा वेळी दोरी पाण्यावरून हळूच वर ओढत काठी मागे न्यायची. काठीच्या मागे दोरीचा अर्धगोल झोळ पडतो, आणि मग पुढे ढकलायचं. याला रोल कास्ट म्हणतात. खांदा वर न्यावा लागत नाही, सगळं कोपरातून होतं. आबा दगडावर बसले. दहा-बारा वेळा दोरीचा पायापाशी भात झाला. मग एकदा ती सुळकन उलगडत गेली आणि आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "व्हय, जमायलंय."

पण माझ्या कोंबडीच्या पिसांच्या माशीकडे एकही मासा फिरकला नाही. तासाभराने आबांनी माशी सोडली, खिशातून पुडी काढली, आकड्याला कणकेची गोळी लावली आणि वर धांड्याचा तुकडा बांधला. त्याच काठीने, त्याच दोरीने, हळूच पुढे सोडलं. मी म्हटलं, "आबा, तुम्ही हे नियमाच्या बाहेर करताय. ही फ्लायची काठी आहे." आबा म्हणाले, "बाई, काठीला कुठं वाचता येतंय!"

धांडा बुडाला. काठी बुंध्यापर्यंत वाकली, आबांनी ती तिरपीच धरली, डाव्या हाताने दोरी ओढत आणली. पाऊण किलोचा रोहू. उजवा खांदा कुठे दुखल्याचं चेहऱ्यावर दिसलं नाही. निदान त्या वेळी तरी नाही.

तेव्हा मित्रांनो, 'सगळीकडे चालणारी काठी' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर आधी विचारा, कोणाच्या सगळीकडे? लिहिणाऱ्याच्या नदीत, त्याच्या माशाला, त्याच्या खांद्याला ती चालत असेल. आपलं पाणी, आपला मासा आणि ज्याच्या हातात ती जाणार तो माणूस, हे तीन आधी लिहून काढा. नंबर आपोआप निघतो. दुकानात नंतर जा.

आणि हो, वेळूची चौदा फुटी काठी अजून पडवीत उभी आहे. तिच्यावर आजी आता कपडे वाळत घालते. आबांची हरकत नाही.